‘गेलेले काढले की थांबतो’ म्हणणाऱ्या क्लायंटपुढे मी कमी पडले, आता कुठला कोर्स करू?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): लिहिणारी ३४ वर्षांची समुपदेशक आहे. एम.ए. सायकॉलॉजी, नंतर काउन्सेलिंगचा डिप्लोमा. सकाळी घणसोलीतल्या एका शाळेत नोकरी, संध्याकाळी ऐरोलीत भाड्याच्या खोलीत स्वतःची प्रॅक्टिस. दीड-दोन वर्षांपासून तिच्याकडे दोन प्रकारची माणसं वाढलीत. एक म्हणजे मोबाईल गेममध्ये अडकलेली मुलं, आईबाबा घेऊन येतात. दुसरे म्हणजे ऑनलाइन रमीत, क्रिकेटच्या सट्ट्यात पैसे घालवलेले नवरे, त्यांना बायका घेऊन येतात. त्यातला एक ३८ वर्षांचा माणूस पाच सेशन आला. त्याने तोटा दोन लाखांचा सांगितला, ‘गेलेले पैसे काढले की थांबतो’ म्हणाला, सासरच्यांनी एफडी मोडून तो फेडला. हिने त्याला श्वासाचे व्यायाम दिले, दिवसाचं टाइमटेबल करून दिलं, रात्री मोबाईल बायकोकडे द्यायला सांगितला. सहाव्या सेशनला तो आला नाही. दोन महिन्यांनी बायकोचा फोन आला की कर्ज अकरा लाखांचं होतं, चार लोन ॲपवरून घेतलेलं, आणि एका रात्री तो चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेला होता. सकाळी नातेवाइकांना सापडला, सुखरूप आहे, सध्या गावी आहे. ही लिहिते, ‘ताई, मी आत्महत्येबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, विचारलं तर डोक्यात भरेल असं वाटलं. आता एक परदेशी ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स सापडलाय, फी नव्वद हजार. नवरा म्हणतो कायदा आला, गेम बंद झाले, आता कोण येणार तुझ्याकडे. सहकारी म्हणते व्यसन ते व्यसन, दारूचं जे तेच याचं, वेगळं काय शिकायचं. मला वाटतं सर्टिफिकेट असतं तर हे झालं नसतं. कोर्स करू, की या केसेस घेणंच बंद करू?’

अगं, ताई म्हणून लिहिलंयस तर मी पण अगंतुगंच करते, चालेल ना.

पत्र कोर्सबद्दल आहे पण निम्म्याहून जास्त ओळी त्या माणसाच्या आहेत, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू. तो जिवंत आहे, गावी आहे, आणि त्याच्या बायकोने तुला फोन केला. चिडून केला असेल, रडत केला असेल, पण केला. ज्या दारावर पुन्हा कधीच जायचं नाही असं ठरवलेलं असतं तिथे माणसं दोन महिन्यांनी फोन करत नाहीत.

तू चुकलीस का, तर हो, दोन ठिकाणी, आणि ते तुला माहितीये म्हणून मी गोड बोलून झाकणार नाही. पैशाचा आकडा एकदाच विचारलास आणि पहिलं उत्तर धरून पुढे गेलीस. आणि जिवाबद्दल विचारलंच नाहीस. पण ‘सर्टिफिकेट असतं तर झालं नसतं’ हे वाक्य मला पटत नाही. दोन प्रश्न कसे विचारायचे हे कुणी तुला समोर बसवून शिकवलं असतं तर कदाचित झालं नसतं, एवढंच आपण म्हणू शकतो. तुझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत जुगारावर किती लेक्चर झाली ते आठव. माझ्या वेळी एकही नव्हतं.

माझी एक गोष्ट सांगते, आजही सांगताना बरं वाटत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात नवीन होते तेव्हा कळव्याचे एक रिक्षावाले दादा यायचे, मटका खेळायचे, ओपन-क्लोजशिवाय दिवस जायचा नाही. त्यांच्या घरच्यांना मीच सांगितलं की एकदाचं सगळं कर्ज फेडून टाका, डोक्यावरचं ओझं उतरलं की ते सुधारतील. बायकोने बांगड्या मोडल्या, भावाने सोसायटीतून कर्ज काढलं. दीड महिन्यात दादा परत आकडा लावायला लागले, आणि जुनी उधारी फिटल्यामुळे पत मोकळी झालेली, म्हणून आधीपेक्षा जास्त उधार मिळालं. मी सहानुभूतीने दिलेला सल्ला होता तो, आणि त्या सल्ल्याने एका बाईच्या बांगड्या गेल्या.

खरं तर ही गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असते. धर्मराज द्यूतात राज्य, भाऊ, स्वतःला, बायकोला, सगळं हरला. मग धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिला आणि हरलेलं सगळं परत मिळालं. सगळं. आणि वाटेतूनच पुन्हा खेळायला बोलावणं आलं तर हा परत फिरला आणि पटावर बसला. आपण दुसऱ्या द्यूताकडे वनवासाची सुरुवात म्हणून बघतो, मला मात्र आता त्यात एकच दिसतं, की हरलेला पैसा बाहेरून भरून दिला आणि खेळण्याचं काहीच केलं नाही तर माणूस पटावर परत जातो. तुझ्या क्लायंटच्या सासरच्यांनी एफडी मोडली तेव्हा तेच झालं. मदत करूच नका असं मी म्हणत नाही. पण कुणाचे, किती, कुणाच्या हातून फेडायचे हे ठरवल्याशिवाय हातात रक्कम द्यायची नाही, हे घरच्यांना सांगायचं काम आपलं आहे. दुसऱ्यांकडून पैसे घेऊन वेळ मारून नेणं हे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात जुगाराच्या आजाराच्या नऊ लक्षणांपैकीच एक आहे, वर्षभरात नऊपैकी चार दिसली तर निदान होतं. म्हणजे आपण ज्याला आधार म्हणतो ते आजाराच्या यादीत बसलेलं असू शकतं.

आता तुझी सहकारी. ती म्हणते ते अर्धं बरोबर आहे. २०१३ साली डीएसएम-५ आलं तेव्हा जुगाराचा आजार दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या प्रकरणात आणून ठेवला, त्याआधी तो आवेग आवरता न येण्याच्या आजारांमध्ये होता. त्यामुळे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलायची इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर काढणारं बोलणं), सीबीटी (विचार आणि सवयी बदलायचा उपचार), रिलॅप्स म्हणजे पुन्हा घसरणं कसं ओळखायचं, घरच्यांना कसं सामील करायचं, हे दारूच्या कामातून शिकलेलं सगळं इथे उपयोगी पडतं. पण दारूला वास येतो, पाय लडखडतात, लिव्हरची टेस्ट करता येते. जुगाराला यातलं काही नाही. माणूस शेजारी झोपून पांघरुणात खेळतो आणि सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातो. शरीर एका मर्यादेनंतर दारू नको म्हणतं, यूपीआय तसं काही म्हणत नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक. दारुड्याला असं वाटत नाही की पुढच्या पेगने माझं कर्ज फिटेल. जुगाऱ्याला पुढच्या डावाबद्दल नेमकं तेच वाटतं. त्याच्यासाठी तो डाव म्हणजे अडचणीतून सुटायची एकमेव वाट असते, आणि जेवढं कर्ज वाढतं तेवढी ती वाट जास्त खरी वाटायला लागते. म्हणून ‘गेलेले काढले की थांबतो’ हे वाक्य ऐकलंस की थांब आणि तिथेच बस. तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसंच वाटत असतं, आणि उपचार त्या वाक्याच्या आत सुरू होतो. गेलेले परत येणार नाहीत हे मान्य करणं म्हणजे त्याच्यासाठी एक मयत झाल्यासारखं असतं गं, त्याचा शोक करायला त्याला जागा लागते. टाइमटेबल देऊन ते होत नाही.

यात डोकं कसं फसतं हेही नीट शिकायला हवं, म्हणजे आपण नुसतं ‘मन घट्ट करा’ म्हणत बसत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला, आणि प्रत्येक वेळी लोक आता लाल येणारच म्हणून लालवर वाढवत वाढवत लावत गेले आणि भिकेला लागले. चाकाला मागचं काही आठवत नाही, आपल्याला आठवतं. आपल्याकडे आकडा लावणाऱ्याच्या हातात चार्ट असतो ना, गेल्या वर्षभराचे आकडे लिहिलेला, तो हाच प्रकार. थोडक्यात हुकणं हेही तसंच, एका पत्त्याने रमी गेली की डोकं त्याला हार न समजता ‘जवळ आलोय’ असं समजतं आणि खेळायची इच्छा उलट वाढते. हे क्लायंटला त्याच्याच शेवटच्या दहा डावांवरून दाखवता येतं, कागद-पेन घेऊन, न चिडवता.

आता नवऱ्याचं म्हणणं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं दोन्ही गुन्हा ठरलं, रमी-फँटसीची मोठमोठी ॲप बंद झाली. चांगलं झालं, मला आनंदच आहे. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे पण लक्षात ठेव, कारण पोलिसांच्या भीतीने लोक आपल्याकडे यायला घाबरतात, त्यांना हे सांगावं लागतं. पण अकरा लाखांचं कर्ज कायद्याने फिटत नाही आणि डोक्यातली ओढ तारखेला बंद होत नाही. परदेशातून चालणाऱ्या बेटिंग साइट्सच्या लिंक व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरतच असतात. मटक्याचं बघ, आपल्या राज्यातला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, आणि कल्याणचा आकडा निघतोच आहे.

शिवाय काही जण दुसऱ्या दारातून आत जातात. हल्ली येणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण मला सांगतात की मॅडम मी जुगार सोडला, आता फक्त ऑप्शन ट्रेडिंग करतो, म्हणजे शेअरबाजारात भाव वर जाणार की खाली यावर पैसे लावतो. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. ट्रेडिंग करणारा प्रत्येक जण आजारी नसतो, पण एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये तासभर बसणारा, तोटा लपवणारा, ‘गेलेले काढायचेत’ म्हणणारा मुलगा तुला ओळखता यायला हवा. त्यामुळे येणार कोण याची काळजी तुझ्या नवऱ्याने करू नये.

मग शिकायचं काय. पहिली गोष्ट भाषा, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण कुठल्याच परदेशी कोर्समध्ये हे नसतं. आपल्या माणसाला ‘तुम्ही जुगार खेळता का’ विचारलं तर तो नाही म्हणतो आणि तो खरंच बोलत असतो, कारण त्याच्या डोक्यात जुगार म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्ते कुटणारे. रमी ‘स्किल’ आहे, फँटसी म्हणजे ‘टीम लावणं’, मटका म्हणजे ‘आकडा’, पाडव्याची तीन पत्ती म्हणजे ‘शास्त्र’, आणि लॉटरी तर सरकारी. म्हणून शब्द सोड, कृती विचार. पैसे लावता का कशावर? टीम लावता? आकडा? मॅचवर मित्रांमध्ये? शेअरमध्ये एका दिवसात आत-बाहेर करता? सगळ्यात जास्त एका दिवसात किती गेले? एकेक विचार, घाई करू नको.

मग दोन प्रश्न, हे जगभर वापरतात, मी मराठीत असे विचारते: ‘आधीपेक्षा जास्त जास्त रक्कम लावावीशी वाटायला लागली का?’ आणि ‘किती लावता हे घरच्यांपासून लपवायची वेळ आली का?’ एकालाही हो आलं की नीट तपासायचं. त्यासाठी पीजीएसआय नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारते, ० ते २७ गुण, ८ किंवा जास्त आले तर प्रश्न गंभीर. तुझा तो क्लायंट पहिल्याच दिवशी आठच्या वर गेला असता असं मला वाटतं, पण बायको शेजारी बसलेली असताना नाही. पहिल्या सेशनची निदान वीस मिनिटं त्याला एकट्याला दे, तिलाही एकटीला दे.

पैशाबद्दल, पहिला आकडा कधीच खरा धरू नको. लाज असते म्हणून माणूस एक भाग सांगतो, उरलेला पोटात ठेवतो. मी सरळ सांगते की ‘बहुतेक जण पहिल्यांदा कमी सांगतात, तुम्ही पुढच्या वेळी दुरुस्त केलंत तर मी रागावणार नाही’. आणि त्याला क्रेडिट रिपोर्ट काढायला सांगते, सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बेकायदा लोन ॲप आणि मित्रांची उसनवारी त्यात दिसत नाही, ते वेगळं विचारायचं. मग पगार कुठल्या खात्यात, यूपीआयची लिमिट किती कमी करता येईल, क्रेडिट कार्ड कुणाकडे, पीएफमधून काढलेत का, दागिने गहाण आहेत का, भिशीचा नंबर विकलाय का. कागदावर उतरवून घ्यायचं. आपल्याला कॉलेजमध्ये शिकवतात की भावनांबद्दल बोला, पैशाचं बोलणं जरा खालच्या दर्जाचं वाटतं, पण या आजारात पैशाची वही उघडली की भावना आपोआप बाहेर येतात, मी पन्नाशीचे पुरुष त्या वहीपुढे हमसून रडताना बघितलेत. लोन ॲपवाले फोटो मॉर्फ करून नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या देत असतील तर तो सायबर गुन्हा आहे, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार करायला लावायची, घाबरून आणखी एक लोन काढायला नाही.

आणि जिवाचं. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, याची मला पूर्ण खात्री आहे. ज्याच्या डोक्यात आहे त्याला कुणीतरी विचारल्यावर हायसं वाटतं आणि ज्याच्या नाही तो नाही म्हणतो. जुगाराच्या आजारात आत्महत्येचे विचार खूप प्रमाणात येतात, कर्ज उघडकीला येतं त्या आठवड्यात तर विशेष जपायचं. वाक्य असं घडवायचं की त्याला हो म्हणायला जागा मिळेल: ‘एवढं सगळं डोक्यावर असताना काही जणांना जगणं नको वाटतं, तुमच्या मनात कधी येतं?’ आलं तर पुढचे प्रश्न, कधी, काही ठरवलंय का, घरात कुणाला माहिती आहे, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो, मराठीतही बोलतात, तो त्याच्या आणि बायकोच्या दोघांच्या फोनमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून घे.

मुलांच्या गेमिंगचं मी मुद्दाम वेगळं काढलंय. तू पत्रात दोन्ही एका ओळीत लिहिलंस आणि तिथेच माझी पेन्सिल थांबली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, पण त्याच्या तीन अटी वाच: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण बारा महिने, आणि शाळा-घर-झोप यांचं खरोखर नुकसान. तासांचा आकडा त्यात नाहीच. दहावीच्या सुट्टीत रोज सहा तास खेळणारा मुलगा आजारी असेलच असं नाही. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच हा आजार होतो, आणि तुझ्याकडे येणारे आईबाबा मात्र सगळ्यांनाच ‘ॲडिक्ट’ म्हणून आणतात.

अशा मुलाकडे मी आधी गेमच्या मागे बघते. लक्ष न लागण्याचा त्रास आहे का, उदास आहे का, शाळेत कुणी छळतंय का, घणसोलीच्या त्या वन-रूम-किचनमध्ये आईबाबा दोघं शिफ्टला गेल्यावर त्याच्याशी बोलणारं कुणी आहे का. खूपदा गेममधला ग्रुप हाच त्याचा एकमेव मित्रपरिवार असतो, आणि आपण मोबाईल हिसकावून तोच तोडतो. हिसकावलेल्या मोबाईलवरून घरात जे होतं ते तू बघितलंच असशील, म्हणून हळूहळू, आधी झोप, मग जेवण, मग तास, आणि मुलाशी ठरवून. तुझी पहिली काही सेशन्स मुलापेक्षा आईबाबांबरोबर होतील, होऊ देत. एक गोष्ट मात्र सोडू नको: गेममध्ये पैसे जातायत का, आत काय निघेल ते नशिबावर असलेले बॉक्स उघडायला, पात्राचे कपडे-रूप म्हणजे स्किन घ्यायला, आईच्या कार्डावरून. तिथून जुगाराची सवय लागू शकते.

आता नव्वद हजार. मी नको म्हणणार नाही, पण भरायच्या आधी त्यांना ईमेल करून विचार. शिकवणारे स्वतः पेशंट बघतात का? रोल-प्ले होतात का, की नुसते व्हिडिओ आणि शेवटी एमसीक्यू? केसवर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाने तुझं काम तपासून मार्गदर्शन करणं, किती तास, आणि कोर्स संपल्यावर मिळतं का? बाहेरच्या कोर्समध्ये बराच वेळ कॅसिनो, स्लॉट मशीन आणि स्वतःला खेळण्यापासून बाद करून घ्यायच्या योजना यावर जातो. ब्रिटनमध्ये माणूस एका ठिकाणी नाव नोंदवतो आणि परवानाधारक सगळ्या साइट्स त्याला बंद होतात. आपल्याकडे असं बटण नाही, आपल्याकडे त्याच्या बायकोला, बँकेला आणि मेहुण्याला घेऊन ते बटण तयार करावं लागतं. ज्या कोर्समध्ये सुपरव्हिजन नाही त्याला मी नव्वद काय, नऊ हजारही देणार नाही.

त्याआधी फुकटात खूप होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये जुगाराच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली, ती कुणालाही वाचता येते, महिनाभर रोज थोडी वाच आणि तुझ्या केसेसशी ताडून बघ. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून शट क्लिनिक आहे, तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी, त्यांच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेव, आपल्या देशातल्या केसेस तिथे आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत आहे, घरच्यांबरोबर काम कसं करायचं हे बघायला तिथे जाऊन ये. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची दोन दिवसांची चांगली कार्यशाळा मिळाली तर ती आधी कर, तुला जुगार, गेमिंग, दारू, तिन्हीला पुरेल. आणि सुपरव्हायझर शोध, महिन्यातून दोन वेळा, पैसे देऊन. नव्वद हजारांत वर्षभराचं सुपरव्हिजन होऊन वर पैसे उरतील.

कोर्स केल्याने तुझी मर्यादा बदलत नाही हे पण स्पष्ट बोलते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्यांचं आहे, आणि औषध फक्त मानसोपचारतज्ज्ञ देणार. जुगाराच्या आजारासाठी खास म्हणून मंजूर झालेलं औषध नाही, तरी काही डॉक्टर दारूच्या व्यसनात देतात ते नाल्ट्रेक्सोन वापरून बघतात, आणि सोबतचं डिप्रेशन, दारू, झोप याला औषध लागतंच. औषधांचं आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं: पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी, प्रामिपेक्सोलसारख्या, आयुष्यात कधी पत्ता न धरलेल्या माणसाला जुगाराची ओढ लागू शकते. एखादे पासष्ट वर्षांचे काका अचानक लॉटरीची पुडकी आणायला लागले तर गोळ्यांची यादी बघ आणि डॉक्टरांना फोन करायला सांग, गोळी मात्र स्वतः बंद करू द्यायची नाही.

म्हणून ऐरोलीतून एकदा उठ आणि ओळखी कर. नेरूळ, कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत, इकडे कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल आहे, ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे आणि अजूनही लोक त्याच्या नावाने घाबरतात, पण ओपीडीत जाऊन बघ, कितीतरी माणसं साध्या कपड्यांत येऊन औषधं घेऊन कामावर जातात. एका तरी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून ये म्हणजे रात्री नऊ वाजता कुणाला फोन करायचा हा प्रश्न राहणार नाही. केसेस घेणं बंद करू का विचारतेस, तर जुगाराच्या नवीन केसेस दोन-तीन महिने एकटीने घेऊ नको, डॉक्टर आणि सुपरव्हायझर सोबत असतील तर घे. तू दार बंद केलंस तर घणसोली-कोपरखैरण्यातली ती माणसं कुणाकडे जातील, ताईत देणाऱ्याकडे?

हे वाचणाऱ्या बाकीच्या समुपदेशक, शाळेतल्या मॅडम, फॅमिली डॉक्टर, तुम्हाला पण हेच. दारू-तंबाखूचं विचारता तिथे एक ओळ वाढवा, ‘कशावर पैसे लावता का’. आणि ज्या बायकांच्या घरात हे चालू आहे त्यांनी एवढं करा की नवऱ्याच्या कर्जावर सही करू नका, जामीन राहू नका, दागिन्यांची चावी बदला, आणि १४४१६ वर तुम्ही स्वतःसाठी पण बोलू शकता, आजारी तो असला तरी झोप तुमची गेलीये.

आता शेवटचं काम, आणि हे कोर्सच्या आधीचं. त्या क्लायंटच्या स्वतःच्या नंबरवर एक मेसेज टाक. मेसेजमध्ये जुगार, कर्ज, त्या रात्रीचा उल्लेख नको, फोन कुणाच्याही हातात असू शकतो. मी असं लिहीन: ‘नमस्कार, मी ऐरोलीची मॅडम. तुमची आठवण झाली. मागच्या वेळी काही गोष्टी मी विचारायला हव्या होत्या, विचारल्या नाहीत, ते माझ्याकडून राहिलं. गावाहून आलात की भेटू, फोनवर बोलायचं असेल तरी चालेल. मी ओळखीच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय.’ शेवटचं वाक्य खरं असायला हवं, म्हणून आधी डॉक्टरांना भेट, मग मेसेज. आणि त्याच्या बायकोचा फोन आला तर त्याच्याबद्दल काही सांगू नको, पण तिला तिची वेगळी वेळ दे, पहिल्या सेशनची फी घेऊ नको.